धातूचे चूर्ण आणि वस्तूची घडण

कुंभकोणम् हे तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्याचे प्राचीन नगर कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या दरम्यान वसले आहे. भोसल्यांच्या राजवटीमुळे तंजावरचा हा प्रदेश मराठी वाचकाला परका नाही. नगराच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर, कावेरीच्या काठी, स्वामिमलै हे गाव आहे. मुरुगन देवाच्या सहा प्रमुख स्थानांपैकी हे एक होय. परंतु धातुकामाच्या अभ्यासकाला ते तेथील स्थपतींमुळे ठाऊक असते. चोळ राजांच्या काळात पूर्णत्वाला पोचलेली मूर्ती ओतण्याची कला या गावातील कारखान्यांतून आजही चालू आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या भारत मंडपापुढे उभारलेली २७ फूट उंचीची, सुमारे १८ टन वजनाची नटराजाची मूर्ती स्वामिमलैच्या स्थपतींनीच याच परंपरागत रीतीने घडविली.

ही रीत म्हणजे मेणाच्या साच्याची रीत. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही तिचे वर्णन आढळते. मधमाश्यांचे मेण, राळ आणि थोडे भुईमुगाचे तेल एकत्र करून त्याची मूर्ती प्रथम हाताने घडवितात. तिच्यावर मातीचे लेप चढवितात. लेप वाळला की साचा गोवऱ्यांच्या आगीत तापवितात; मेण वितळून वाहून जाते आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी उरते. त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. धातू निवाला की साचा फोडतात. अशा रीतीने एका साच्यातून एकच मूर्ती निघते, दुसरी निघत नाही. धातू किती लागेल हे मेणाचे वजन करून ठरवितात. मेण पाण्याहून किंचित हलके आणि कांसे पाण्याच्या जवळजवळ नऊपट जड, त्यामुळे एक किलो मेणाच्या मूर्तीला नऊ किलोंहून थोडा अधिक धातू हवा, हा हिशेब सहज पटण्यासारखा आहे.

या सर्व क्रियेत पाहणाऱ्याचे लक्ष लालबुंद धातूच्या ओघाकडे जाते. स्थपतीचे लक्ष मात्र बरेच आधीपासून दुसऱ्याच गोष्टीवर असते; ती म्हणजे साच्याचा पहिला लेप. कावेरीच्या पात्रातील अत्यंत बारीक गाळाची माती घेऊन, तिच्यात जळलेल्या भाताच्या तुसाची पूड वगैरे मिसळून, ती पुन्हा पुन्हा घोटून हा लेप तयार करतात. मूर्तीच्या पापणीची रेघ, बोटावरील अंगठी, वस्त्राची चुणी हे सारे या लेपातील कणांच्या बारीकपणावर अवलंबून असते. वरचे लेप क्रमाने भरड मातीचे व वाळूचे असतात, कारण तापल्यावर निघणाऱ्या वाफेला आणि वायूला वाट हवी असते. ओलावा राहिला तर वाफ धातूत शिरते आणि मूर्तीत छिद्रे पडतात. सारांश, मूर्ती चांगली होणार की नाही हे ती ओतण्यापूर्वीच, मातीच्या कणाने, बरेचसे ठरविलेले असते.

साच्यावाचून घडण

गेल्या काही दशकांत धातूच्या वस्तू घडविण्याची एक अगदी निराळी पद्धत पुढे आली आहे. तिच्यात साचा नसतो, ऐरण नसते, कातायचे यंत्रही नसते. ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग किंवा त्रिमितीय मुद्रण या नावांनी ती ओळखली जाते. मराठीत तिला थरांची घडण म्हणता येईल. अमेरिकेतील टेक्सस विद्यापीठात कार्ल डेकार्ड याने १९८० नंतरच्या दशकात लेसर किरणांनी चूर्णाचे थर जोडण्याची युक्ती शोधली. जर्मनीतील आखेन येथील फ्राउनहोफर संस्थेत १९९० नंतरच्या दशकात धातूचे चूर्ण पूर्णपणे वितळवून घन वस्तू करण्याची रीत विकसित झाली.

या रीतीत एका बंद पेटीत धातूच्या चूर्णाचा पातळ थर पसरतात. थराची जाडी साधारण ३० ते ६० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सामान्यतः ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. या थरावर संगणकाने दाखविलेल्या रेषांवरून लेसरचा किरण फिरतो आणि जेथे तो पडतो तेथील चूर्ण वितळून खालच्या थराशी एकजीव होते. मग पाट थोडा खाली उतरतो, चूर्णाचा नवा थर पसरला जातो, किरण पुन्हा फिरतो. हे हजारो वेळा घडते आणि अखेर न वितळलेल्या चूर्णाच्या ढिगातून वस्तू बाहेर काढतात. पेटीत हवेऐवजी आर्गॉन किंवा नायट्रोजन भरलेला असतो, कारण वितळलेल्या धातूला प्राणवायू मिळू देणे इष्ट नसते.

स्वामिमलैत आकार मातीचा कण देतो आणि धातू त्या आकारात वाहत येतो. या नव्या रीतीत कण धातूचाच असतो. घडणीचा सारा भार त्याच्यावर येऊन पडतो. म्हणून यंत्र कितीही उत्तम असले तरी चूर्ण कसे आणि किती काळजीने तयार केले, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो.

धातूचे चूर्ण करण्याच्या रीती

धातूचे चूर्ण ही काही नवी वस्तू नव्हे. लोखंडाच्या ऑक्साइडापासून प्राणवायू काढून घेऊन, विद्युत्‌विच्छेदनाने, कुटून किंवा दळून चूर्ण करण्याच्या रीती जुन्या आहेत. १८९० च्या सुमारास लुडविग माँड याने निकेलचे कार्बन मोनॉक्साइडशी वायुरूप संयुग बनवून, त्याचे पुन्हा विघटन करून शुद्ध निकेल मिळविले. या तत्त्वावर निकेलचे व लोखंडाचे अतिशय बारीक चूर्ण आजही तयार होते. अशी चूर्णे दाबून, भट्टीत भाजून यंत्रांचे लहान भाग, दिव्याच्या तारा, तेल शोषून ठेवणारे बेअरिंग इत्यादी वस्तू बनवितात. या शास्त्राला चूर्ण धातुविज्ञान म्हणतात. परंतु दळलेल्या किंवा कुटलेल्या चूर्णाचे कण वेडेवाकडे, कोनेदार असतात. दाबून घट्ट करण्यासाठी तो गुणच ठरतो, कारण असे कण एकमेकांत अडकतात. थर पसरण्यासाठी मात्र तोच मोठा दोष आहे.

याची कल्पना घरातल्या अनुभवावरून येते. कुंभकोणम्‌मध्ये पहाटे दारापुढे कोलम रेखाटतात, महाराष्ट्रात रांगोळी घालतात. रांगोळी चिमटीतून एकसारखी सुटते. बारीक बेसनाची रेघ मात्र तशी ओढता येत नाही. ते बोटांना चिकटते, त्याच्या गुठळ्या होतात. कण लहान होत जातो तसे त्याचे वजन फार झपाट्याने घटते. व्यास निम्मा झाला की वजन एक अष्टमांश होते. शेजारच्या कणाला चिकटण्याची त्याची ओढ मात्र त्या मानाने कमी घटते. म्हणून फार बारीक कण वाहत नाहीत आणि फार भरड कण पातळ थरात मावत नाहीत. लेसरच्या यंत्राला सामान्यतः १५ ते ४५ किंवा त्याच्या आसपासच्या मायक्रॉनांचे चूर्ण लागते. इलेक्ट्रॉन किरणाच्या यंत्राला ४५ ते १०५ मायक्रॉनांचे, म्हणजे अधिक भरड चूर्ण चालते. दोहोंनाही कण शक्य तितका गोल हवा असतो.

गोल कण मिळविण्याचा मार्ग निसर्गानेच दाखविला आहे. द्रवाच्या पृष्ठभागाला आकसण्याची प्रवृत्ती असते आणि एवढ्याच आकारमानाचा सर्वांत लहान पृष्ठभाग गोलाचा असतो. म्हणून मोकळा थेंब गोल होतो. ब्रिस्टल येथील विल्यम वॉट्स याने १७८२ मध्ये याच गुणाचा उपयोग करून, वितळलेले शिसे चाळणीतून उंचावरून पाण्यात सोडून बंदुकीचे गोल छर्रे करण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. आजचे चूर्णाचे कारखाने हेच तत्त्व अधिक वेगाने वापरतात. या क्रियेला तुषारीकरण म्हणता येईल.

धातूच्या धारेवर पाण्याचे जोरदार फवारे सोडले तर धारेचे तुषार उडतात आणि तात्काळ थिजतात. ही रीत स्वस्त आहे. लोखंडाचे चूर्ण मोठ्या प्रमाणावर असेच होते. पण पाणी इतक्या लवकर उष्णता काढून घेते की थेंबाला गोल होण्यास अवसरच मिळत नाही. शिवाय तप्त धातू पाण्यातील प्राणवायू घेतो. पाण्याऐवजी आर्गॉन किंवा नायट्रोजनचे झोत वापरले तर थेंब जरा सावकाश निवतात, आधी गोल होतात आणि मग थिजतात. यालाच वायूने केलेले तुषारीकरण म्हणतात. निर्वात किंवा निष्क्रिय वायूने भरलेल्या पात्रात धातू वितळवितात. तो काही मिलिमीटर रुंदीच्या छिद्रातून खाली येतो. चहूबाजूंनी अतिवेगाने येणारा वायू धार फोडतो. कित्येक मीटर उंचीच्या मनोऱ्यातून खाली पडेपर्यंत थेंबांचे कण झालेले असतात. पोलाद, निकेलच्या मिश्रधातू, ॲल्युमिनियम व तांब्याच्या मिश्रधातू यांचे बहुतेक चूर्ण या रीतीने मिळते.

टायटॅनियमची गोष्ट वेगळी आहे. वितळलेले टायटॅनियम मुशीशीच रासायनिक क्रिया करते आणि मुशीचा अंश धातूत उतरतो. यावर उपाय म्हणून टायटॅनियमचा दांडा उभा टांगून, विद्युत्‌कुंडलाने त्याचे टोक स्पर्शावाचून वितळवितात आणि गळणारी धार वायूने फोडतात. दुसऱ्या एका रीतीत टायटॅनियमची तार प्लाझ्माच्या ज्वाळांच्या संगमात सारतात. तिसऱ्या रीतीत दांडाच मिनिटाला हजारो फेरे या वेगाने फिरवून त्याचे टोक वितळवितात. केंद्रापासून दूर फेकले जाणारे थेंब उडतानाच थिजतात. या शेवटच्या रीतीचे कण अत्यंत गोल व स्वच्छ असतात, पण ते भरड पडतात.

कोणत्याही रीतीने एकाच मापाचे कण मिळत नाहीत. धुळीएवढ्यांपासून वाळूएवढ्यांपर्यंत सर्व मिळतात. मग चाळणे आणि वाऱ्याने उफणणे आले. लेसरच्या यंत्राला योग्य असा भाग पुष्कळदा एकूण चूर्णाच्या निम्म्याहूनही कमी निघतो. उरलेल्यापैकी काही दुसऱ्या कामाला जाते, काही पुन्हा वितळवावे लागते. चांगल्या चूर्णाची किंमत त्याच धातूच्या कांबीपेक्षा कितीतरी अधिक का असते, हे यावरून कळून येईल.

कणाची परीक्षा

तयार झालेल्या चूर्णाची परीक्षा साध्या साधनांपासून सुरू होते. ठराविक मापाच्या नरसाळ्यातून ५० ग्रॅम चूर्ण किती सेकंदांत खाली पडते हे मोजतात. ठराविक भांड्यात सैल भरलेले आणि ठोकून बसविलेले चूर्ण किती वजनाचे होते हे पाहतात. दोहोंत फार अंतर पडले तर चूर्ण नीट वाहणार नाही असे समजतात. धान्याचे माप शिगेने भरायचे की हलवून बसवायचे, यावरून बाजारात होणारा वाद आठवला की या परीक्षेचे मर्म ध्यानी येते. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली कणाचा आकार, आणि रासायनिक पृथक्करणाने त्यातील प्राणवायू, नायट्रोजन व हायड्रोजन तपासतात.

प्राणवायूची एवढी चिंता का, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. टायटॅनियमच्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूचा एक किलोचा भरीव गोळा केला तर त्याचा पृष्ठभाग सुमारे १८० चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच एक किलोचे ४० मायक्रॉन व्यासाचे कण केले तर त्यांची संख्या सुमारे ६७० कोटी होते आणि त्यांचा एकत्र पृष्ठभाग सुमारे ३४ चौरस मीटर, म्हणजे एका प्रशस्त खोलीच्या जमिनीएवढा होतो. धातूला हवा लागण्याची जागा जवळजवळ १,९०० पटींनी वाढली. या मिश्रधातूच्या नेहमीच्या प्रतीत प्राणवायू वजनाने ०.२० टक्क्यांहून अधिक चालत नाही. अधिक कसोटीच्या कामासाठी ही मर्यादा ०.१३ टक्के आहे. ती ओलांडली की धातू कठीण होतो, पण ठिसूळही होतो.

लपलेले दोष

वितळलेल्या थेंबात कधीकधी वायूचा बुडबुडा अडकतो आणि बाहेरून निर्दोष दिसणारा कण आतून पोकळ असतो. आर्गॉन धातूत विरघळत नाही. वस्तू घडल्यावर तिला उष्णतेत चहूबाजूंनी प्रचंड दाब देऊन आतील छिद्रे मिटविता येतात. परंतु अडकलेला आर्गॉन तेथेच राहतो आणि वस्तू पुन्हा तापली तर छिद्र पुन्हा उघडू शकते. दुसरा दोष उपग्रह कणांचा. लहान थेंब आधी थिजतात आणि अजून मऊ असलेल्या मोठ्या कणांवर आदळून चिकटतात. असे गाठाळलेले चूर्ण थरात सारखे पसरत नाही. तिसरा दोष ओलाव्याचा. ॲल्युमिनियमच्या चूर्णाने दमट हवेतील पाणी घेतले तर वितळताना त्यातून हायड्रोजन सुटतो आणि धातूत छिद्रे पडतात. ओल्या साच्यातली वाफ मूर्तीत भोके पाडते, त्याचेच हे सूक्ष्म रूप होय.

चौथा दोष सर्वांत साधा आणि सर्वांत घातक आहे. एका मिश्रधातूनंतर दुसरा मिश्रधातू घेताना मनोरा, नळ्या व चाळण्या पूर्ण स्वच्छ केल्या नाहीत तर परके कण चूर्णात मिसळतात. टायटॅनियममध्ये टंगस्टनचा एखादा कण राहिला तर तो लेसरने सहजी वितळत नाही आणि वस्तूत खड्यासारखा बसून राहतो. भाताच्या घासात खडा लागला तर खाणाऱ्याला लगेच कळते; येथे तो कित्येक वर्षांनी, वस्तूवर ताण पडल्यावर, तडा गेला म्हणजेच कळतो. म्हणून विमानांसाठी चूर्ण करणारे कारखाने शक्यतो प्रत्येक मिश्रधातूसाठी वेगळी यंत्रे ठेवतात आणि चूर्णाच्या प्रत्येक घाण्याची नोंद राखतात. न वितळलेले चूर्ण चाळून पुन्हा वापरता येते. पण ते किती वेळा वापरले आणि त्यातील प्राणवायू किती वाढला, हेही लिहून ठेवावे लागते.

मूर्तीकार आणि चूर्णकार यांच्या स्थितीत येथे मोठा फरक पडतो. साचा फोडल्यावर मूर्तीचे व्यंग बहुधा डोळ्यांना दिसते. स्थपती ते भरून काढतो, किंवा मूर्ती पुन्हा वितळवून नव्याने आरंभ करतो. चूर्णातील व्यंग दिसत नाही. ते थराखाली थर असे गाडले जाते. त्यामुळे चूर्णकाराला नोंदवहीतील सचोटीवर अधिक विसंबावे लागते.

चूर्ण हाताळणाऱ्यालाही त्यापासून धोका असतो. भरीव ॲल्युमिनियमला कोणी ज्वालाग्राही म्हणणार नाही. पण त्याची हवेत तरंगणारी धूळ एका ठिणगीने स्फोट घडवू शकते. टायटॅनियमचेही तसेच. अशी आग पाण्याने विझविता येत नाही. तप्त धातू पाण्यातून हायड्रोजन मुक्त करतो आणि आग अधिक भडकते. ती कोरडी वाळू किंवा विशिष्ट भुकटी टाकून दाबावी लागते. बारीक कण श्वासावाटे फुप्फुसात जातात; निकेल व कोबाल्ट यांच्या बाबतीत हे विशेष घातक असते. आर्गॉनला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो साठला तर प्राणवायू कमी पडून मनुष्य काही कळण्यापूर्वी बेशुद्ध होतो. यंत्राची भूजोडणी, मुखावरण, हवेतील प्राणवायू मोजणारे साधन यांना या उद्योगात चैन समजता येणार नाही.

खर्च आणि फळ

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर तमिळनाडूच्याच दक्षिण टोकाकडे मिळते. भारतीय अंतराळ संशोधन संघटनेच्या ध्रुवीय उपग्रह वाहकाच्या चौथ्या टप्प्यातील इंजिन पूर्वी १४ भाग जोडून बनवीत. ते थरांच्या घडणीने एकसंध तयार करण्यात आले आणि ९ मे २०२४ रोजी महेंद्रगिरी येथे ६६५ सेकंद चालवून त्याची चाचणी यशस्वी झाली. वितळजोडाचे १९ सांधे नाहीसे झाले. पूर्वीच्या रीतीत एका इंजिनासाठी ५६५ किलो घडीव धातू व पत्रा लागे आणि त्यातील बहुतेक भाग कातून काढला जाई. नव्या रीतीत १३.७ किलो चूर्ण पुरले. घडणीचा काळही सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला. त्याच महिन्याच्या ३० तारखेला चेन्नईच्या अग्निकुल या संस्थेने अशाच रीतीने घडविलेल्या इंजिनावर श्रीहरिकोट्याहून आपले चाचणीचे रॉकेट उडविले.

तथापि प्रत्येक कामाला हीच रीत योग्य, असे समजणे चूक ठरेल. तांब्याचेच उदाहरण घ्यावे. स्वामिमलैच्या पंचलोहात मुख्य भाग तांब्याचा असतो. त्यात पितळ, शिसे आणि परंपरेप्रमाणे किंचित चांदी व सोने घालतात. तांबे नेहमीच्या अवरक्त लेसरचा फारच थोडा अंश शोषते, बाकीचा परतवून लावते. आणि जो शोषला जातो त्याची उष्णताही ते चटकन दूर वाहून नेते. त्यासाठी काही ठिकाणी हिरव्या प्रकाशाचे लेसर वापरतात. ओतकामात सहज वश होणारा हा धातू लेसरपुढे असा अवघड होऊन बसतो. भरीव, वजनदार मूर्ती चूर्णातून थराथराने करणे म्हणजे वेळेचा आणि द्रव्याचा अपव्ययच होईल. उलट आतून गुंतागुंतीच्या वाहिन्या असलेले इंजिन मेणाच्या साच्यातून एकसंध काढणे फार कठीण असते.

या दोन रीतींमध्ये वैर मात्र नाही. जेट विमानांच्या टर्बाइनची पाती आजही मेणाच्या साच्याच्याच सुधारलेल्या रीतीने ओतली जातात आणि त्या ओतकामासाठी लागणाऱ्या मेणाच्या किंवा राळेच्या प्रतिकृती काही ठिकाणी त्रिमितीय मुद्रणाने तयार करतात.

केंद्र शासनाने २०२२ मध्ये या नव्या उत्पादनपद्धतीसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. अशा धोरणाचे यश किती यंत्रे आणली यावरून मोजण्याचा मोह होतो. यंत्र विकत घेता येते. चूर्णाची गोष्ट तशी नाही. ते बाहेरून आणावयाचे झाले तर प्रत्येक इंजिनामागे पुन्हा पुन्हा आणावे लागेल, आणि देशात करावयाचे झाले तर शुद्ध धातू, निष्क्रिय वायू, निर्वात भट्ट्या, प्रयोगशाळा आणि त्यांपेक्षाही, चाळणी धुताना कोणी पाहत नसले तरी ती पूर्ण धुणारी माणसे हवीत. कावेरीच्या काठी पहिल्या लेपाची माती घोटणाऱ्या कारागिराचे कामही याच जातीचे आहे. मूर्ती पूर्ण झाल्यावर ती माती फोडून टाकली जाते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. तरीही ती पुरेशी बारीक होईपर्यंत तो हात थांबवीत नाही.